समोरच्या पोरींसाठीसुद्धा

शाळेत रुजू झाले त्या दिवशी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला स्टाफरूममध्ये नेऊन सगळ्यांशी ओळख करून दिली. खिडकीजवळ एक उंच, रुंद खांद्यांची बाई साडीचा पदर कमरेला खोचून पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांना खडू फासत बसली होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

"हिरेमठ का? म्हणजे कन्नड येतं तुला. बरं झालं. माझ्या निम्म्या पोरींच्या आया मराठीत हसतात आणि कन्नडमध्ये रडतात. हसणं मला कळतं, रडणं कळत नाही. ये, बस हितं."

त्या होत्या सुवार्ता लोंढे. खेळाच्या बाई. सुवार्ता म्हणजे चांगली बातमी, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. ख्रिस्ती घरांतून हे नाव असतं. पोरींना मात्र ते आधीपासून ठाऊक होतं. बाई मैदानाच्या फाटकातून आत आल्या की वर्गातून कुजबुज उठायची, "पळा, बातमी आली!" बाईंना हे माहीत होतं आणि आवडायचंही, पण तसं त्यांनी कधी दाखवलं नाही.

त्या दिवशी मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले ती त्या निवृत्त होईपर्यंत तिथंच बसले. सोलापुरात मी जन्मले, वाढले, पण ख्रिस्ती माणूस एवढ्या जवळून त्याआधी पाहिला नव्हता. आमच्या लिंगायत घरात 'ते लोक चर्चला जातात' एवढीच माहिती होती. लोंढे बाईही चर्चला जायच्या. दर रविवारी, शेवटून दुसऱ्या बाकावर. शिट्टी पर्समध्ये, कारण उपासना संपली की थेट मैदानावर यायचं असे. एका नाताळला मी त्यांच्याबरोबर गेले होते. गाणी सुरू झाली आणि मला कळलं की संबंध मंडळीत सगळ्यात मोठा आणि सगळ्यात बेसूर आवाज आपल्या बाईंचा आहे. पुढच्या बाकावरची दोन पोरं वळून वळून बघत होती. बाहेर आल्यावर मी हळूच विषय काढला, तर म्हणाल्या, "मला माहितेय गं. पण ज्याच्यासाठी गायचं त्यानंच दिलाय हा गळा. त्याची तक्रार नाही तर बाकीच्यांनी कान झाकावेत."

खो-खो हा त्यांचा खेळ. शाळेचं मैदान कसलं, दोन इमारतींच्या मधली मुरमाड जागा. पोरी अनवाणी पळायच्या. पोरी येण्याआधी बाई येऊन ती जागा वाकून वाकून चालायच्या आणि खडे, काचा, बाटल्यांची झाकणं वेचून पदरात गोळा करायच्या. शिपाईमामांना सांगता आलं असतं. एकदा मी तसं म्हटलंही. "त्यांना पोरींचे पाय माहीत नाहीत," एवढंच उत्तर मिळालं, आणि वेचणं चालू राहिलं.

डब्यात त्या नेहमी जास्तीच्या भाकऱ्या आणायच्या. कोणती पोर उपाशी आली आहे हे त्यांना कसं कळायचं कोण जाणे. पण "खा" असं त्या कुणाला म्हणत नसत. "ए, हिकडं ये. चटणीत मीठ जास्त झालंय का बघ. नीट बघ, एका घासात कळत नाही." पोर मीठ बघता बघता दोन भाकऱ्या खाऊन जायची आणि वर "बरोबर आहे बाई" असा निकाल द्यायची. कितीतरी पोरी आपण बाईंच्या चटणीच्या परीक्षक होतो याच अभिमानात मोठ्या झाल्या.

आता हे सगळं ऐकून कुणाला वाटेल की बाई म्हणजे मूर्तिमंत शांती. छे! रागाचा भडका उडाला की अख्ख्या इमारतीला ऐकू जायचं. एकदा त्यांनी समीना शेख नावाच्या पोरीला सगळ्यांदेखत झाडलं, उशिरा आली म्हणून. दुपारी कळलं की तिच्या आजीला दवाखान्यात न्यावं लागलं होतं. दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या वेळी बाईंनी माइक हातात घेतला आणि साऱ्या शाळेसमोर म्हणाल्या, "काल मी समीनाला बोलले. न विचारता बोलले. चूक माझी. समीना, माफ कर."  मोठ्या बाईंनी नंतर त्यांना बोलावून घेतलं. "अहो, शिक्षकांनी असं जाहीर माफी मागितली तर शिस्त राहील का?" लोंढे बाई म्हणाल्या, "झाडलं जाहीर होतं ना, मग माफी खाजगी कशी मागू?" 

धर्माबद्दल त्या आपणहून कधी बोलत नसत. मीच एकदा विचारलं, "बाई, तुम्ही तुमच्या देवाबद्दल कधी काही सांगत नाही हो."

"काय सांगू? माझ्यात दिसायला पाहिजे तेवढा अजून दिसत नाही तो. तोंडानं सांगून त्याची भरपाई होते का?"

तोंडानं होई ती एकच गोष्ट. सामन्याआधीची प्रार्थना. ती सुरू कशी झाली हे पोरींनाही आठवत नव्हतं. संघ गोलात उभा राहायचा, एकमेकींच्या खांद्यावर हात, आणि कुणीतरी म्हणायचं, "बाई, म्हणा की." बाई डोळे मिटून म्हणायच्या, "बापा, कुणाचा पाय मोडू नको. आमच्या पोरींचा नको आणि समोरच्या पोरींचाही नको. आणि पंचांना नीट दिसू दे. आमेन." झालं. एखादी नवी पोर धीर करून विचारायची, "बाई, आपल्याला जिंकू दे असं म्हणा ना." बाई लगेच डोळे उघडायच्या. "ते त्याला सांगायचं नसतं. समोरच्या पोरीही त्याच्याच आहेत. आपल्यासाठी त्यांना हरव म्हणायचं? जिंकायचं काम तुमच्या पायांचं."

या प्रार्थनेवरूनच पुढं सगळं घडलं.

भाग्यश्री ही बाईंची सगळ्यात चपळ खेळाडू. कुंभारीहून यायची. वडील मल्लिनाथ टेम्पो चालवायचे, कारखान्यांतून चादरींचे गठ्ठे पोहोचवायचे. आई विड्या वळायची. काटकुळी, अबोल पोर, पण पळायला लागली की हातात येणं मुश्कील. खांबाला असा गर्रकन वळसा घालायची की मागची पोर तिथल्या तिथं कोलमडायची. त्या वर्षी आमचा संघ जिल्ह्याच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला तो तिच्या पायांवर.

सामना सोलापुरातच होता. पाण्याचे जग आणि ग्लुकोजचे पुडे घेऊन मी बाईंच्या शेजारी बसले होते. पोरींचे आईवडील आले होते. मल्लिनाथ टेम्पो फाटकापाशी उभा करून पहिल्या रांगेत येऊन बसला होता. जिंकलो तर संघ राज्य पातळीवर जाणार होता, आणि राज्य पातळीवर खेळल्याचं सर्टिफिकेट म्हणजे मल्लिनाथच्या लेखी पोरीची पोलिसातली नोकरी. तो ते येताजाता सगळ्यांना सांगत होता.

शेवटचा डाव. समोरच्या संघाला जिंकायला एकच गडी हवा होता, आणि आमच्याकडून पळायला भाग्यश्री उरली होती. वेळ संपत आलेली. समोरच्या पोरीनं खांबापाशी सूर मारला. सपशेल आडवी पडली बिचारी. भाग्यश्री खांबाला वळसा घालून निसटली. त्या बाजूच्या पंचांना खांबाआड काही दिसलं नाही. त्यांनी हात हलवला, गडी बाद नाही, खेळ चालू. आमच्या बाजूनं एकच आरडाओरडा झाला.

भाग्यश्री दोन पावलं पळाली आणि थांबली. तिनं बाईंकडे पाहिलं.

मी बाईंच्या अगदी शेजारी होते, म्हणून खात्रीनं सांगते. बाईंनी काहीही खूण केली नाही. मान हलली नाही, हात हलला नाही. नुसतं बघत राहिल्या. भाग्यश्रीनं आपला हात वर केला, पाठीला दोन बोटं लावून पंचांना दाखवली, इथं तिचा हात लागला म्हणून, आणि मान खाली घालून मैदानाबाहेर चालू लागली.

समोरचा संघ नाचायला लागला. आमच्या पोरी रडायला लागल्या. बाई उठल्या, तरातरा चालत गेल्या आणि त्या काटकुळ्या पोरीला त्यांनी असं कवटाळलं की ती दिसेनाशी झाली. मला फक्त त्यांचा आवाज ऐकू आला.

"आज मला हरवलंस गं तू. तुझ्या जागी मी असते ना, तर पळाले असते."

मल्लिनाथ तोवर आत घुसला होता. "कुणी सांगितलं तुला हात वर करायला? पंच न्हाय म्हनला की! कुणी शिकवलं हे?"

भाग्यश्री रडत रडत म्हणाली, "बाईंनी."

खरं म्हणजे बाईंनी तसं कधी शिकवलं नव्हतं. तसा धडाच नव्हता त्यांचा. पण पोरीला जे वाटलं ते ती बोलली.

पुढच्याच आठवड्यात संस्थेकडे मल्लिनाथचा अर्ज गेला. त्यात हरण्याबद्दल एक शब्द नव्हता. खेळाच्या बाई मैदानावर पोरींना ख्रिस्ती प्रार्थना करायला लावतात, पोरींची डोकी फिरवतात, असं होतं. हल्लीच्या दिवसांत असा अर्ज म्हणजे काय, हे सांगायला नको. दोन दिवसांत शाळेबाहेर अनोळखी माणसं उभी राहायला लागली. एका शिक्षिकेनं बाईंच्या शेजारी डबा खाणं बंद केलं. बाईंची इतक्या वर्षांची नोकरी एकदम काचेची झाली.

संस्थेचे सचिव दोन सभासदांना घेऊन चौकशीला आले. पोरींना मैदानावर रांगेत उभं केलं. बाई एका बाजूला, हात मागं बांधून. सचिवांनी विचारलं, "बाई तुमच्याकडून काय म्हणवून घेतात? घाबरू नका. सांगा."

 मग समीना पुढं आली. तीच, आजीवाली.

"सर, म्हणवून नाय घेत. आमीच बोलतो बाईला, बोला म्हणून. बाई बोलते, बापा, कुणाचा पाय मोडू नको. समोरच्या पोरींचाबी नको. आणि पंचांना नीट दिसू दे."

"आणखी?"

"बस. आमेन. मी आमीन बोलते. माझं चालतंय म्हणली बाई."

सचिव खाली बघत राहिले. एका सभासदांनी रुमाल तोंडाला लावला. दुसरे जरा कडक होते. त्यांनी विचारलं, "जिंकण्यासाठी नवस, गंडा, असलं काही?"

"नाय सर," समीना म्हणाली. "जिंकायचं ते बोलतच नाय बाई. म्हणून तर हरलो."

इतकं होऊनही, वाद नको म्हणून, सचिवांनी बाईंना सांगितलं की यापुढं मैदानावर प्रार्थना होणार नाही असं लिहून द्या. मला वाटलं आता बाई भडकणार. संघटनेकडे जाऊ, आपण सगळ्या सह्या करू, असं मी आदल्या दिवशीच त्यांना म्हटलं होतं. पण बाई शांतपणे म्हणाल्या, "देते लिहून. शाळा तुमची आहे, मैदान तुमचं आहे. मोठ्यानं म्हणणार नाही. पण साहेब, मनात म्हणते मी. उद्या कुणी विचारलं तर खोटं बोलणार नाही. तेही लिहू का खाली?"

"ते राहू द्या," सचिव म्हणाले.

सगळ्यांना वाटलं, संपलं. पण मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसत होते. बाईंचं खडू फासणं बंद झालं होतं. बूट तसेच मातकट. भाकऱ्या आणायच्या, पण स्वतःला घास जात नसे. भाग्यश्रीला वडिलांनी खेळातून काढलं होतं. ती वर्गात यायची आणि मैदानाकडे न बघता घरी जायची. एक दिवस बाई मला म्हणाल्या, "हिरेमठ, मला राग आलाय."

"येणारच की बाई."

"तसं नाही गं. जात नाहीये. चर्चमध्ये डोळे मिटले की त्याचंच तोंड दिसायलंय. मल्लिनाथचं. प्रार्थनेला बसते आणि मनात त्याच्याशी भांडत बसते. असं किती दिवस चालायचं?"

"मग काय करणार?"

"काय करणार! जाऊन बघावं लागेल त्याचं तोंड. चल तू. कन्नड लागेल."

त्यांच्या मोपेडवर मागं बसून मी कुंभारीला गेले. कामगारांच्या घरकुलांची सारखी दिसणारी रांग. एका दारापुढं टेम्पो उभा होता, आणि मल्लिनाथ बादलीतलं पाणी त्याच्या चाकांवर मारत होता. आम्हाला बघून त्याचा हात थांबला. आतून त्याची बायको आली, सूप हातात, त्यात अर्धवट वळलेल्या विड्या. ती गोंधळून म्हणाली, "बर्री अक्का, कूडरी." या, बसा. बाई उंबऱ्यावरच बसल्या.

"भाग्यश्रीला न्यायला आलेय," त्या म्हणाल्या.

"ती खेळणार न्हाय."

"का?"

मल्लिनाथनं बादली आपटली. "का म्हनता? माझ्या पोरीचं नुकसान केलासा तुमी! आमाला कोन हाय हितं? ना वशिला, ना कोन वळकीचं. एक पळायचं तेवढं येतंय तिला. तेच्यावर कायतरी झालं असतं. तुमी तिला साधू करून ठेवलासा!"

मला वाटलं, बाई आता आपली बाजू सांगतील. त्या म्हणाल्या, "व्हय. नुकसान झालं."

 याची मल्लिनाथला अपेक्षा नव्हती.

"खोटं कशाला बोलू? त्या दिवशी हात वर केला नसता तर आज ती राज्याला गेली असती. तिचं नुकसान झालं, तुझं झालं, माझ्या बाकीच्या पोरींचंही झालं. मला रोज वाटतं त्याचं. पण मल्लिनाथ, हात मी वर केला नव्हता. मला जमलं नसतं ते. तुझ्या पोरीला जमलं. ती हे कुठं शिकली, ते तू घरात बघ. माझ्याकडं नको बघू."

तो टेम्पोकडे बघत उभा राहिला. मग एकदम म्हणाला, "मी अर्ज केला म्हनून आलासा न्हवं?"

"अर्जाचं लई लागलं मला. अजून लागतंय. पण ते माझं मी बघते. त्याचा आणि हिच्या पळण्याचा काय संबंध?"

इतका वेळ दाराशी उभी असलेली त्याची बायको तेव्हा कन्नडमध्ये भराभरा काहीतरी बोलली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणते?"

"म्हणते, पोर रोज पहाटे उठून बसते. कुठं जायचं नसतं, तरी उठते. वेणी घालते आणि दारात बसून राहते."

 मग मल्लिनाथ चाकाकडे बघत म्हणाला, "पहाटे शाळंला कशी येनार ती? त्या टायमाला बस न्हाय. आदी मी सोडत हुतो. आता माझी फेरी बदलली."

"मी येते की न्यायला," बाई म्हणाल्या.

आणि त्या येऊ लागल्या. पहाटे मोपेड काढून कुंभारीला जायचं, भाग्यश्रीला मागं बसवायचं, शाळेच्या मैदानावर आणायचं. थंडीत डोक्याला मफलर, त्यावर पदर. मल्लिनाथनं माफी मागितली नाही, आणि बाई त्यासाठी अडून बसल्या नाहीत. पहिले काही दिवस तो दाराबाहेरही येत नसे. मग यायला लागला. मग एक दिवस मोपेडच्या चाकांकडे बघून म्हणाला, "मागचं चाक बसलंय," आणि पंप घेऊन आला. त्याच आठवड्यात खडूनं पांढरे झालेले बूट स्टाफरूममध्ये पुन्हा दिसले. मी काही विचारलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात वैरागला मुलींच्या स्पर्धा होत्या. नेमक्या त्या दिवशी एसटीच्या गाड्या बंद राहिल्या आणि संघ फाटकापाशी पिशव्या घेऊन खोळंबला. मोठ्या बाई म्हणाल्या, आता नाव काढून घेऊ. तेवढ्यात समोर टेम्पो येऊन थांबला. मल्लिनाथनं मागचं फळकं पाडलं. आत गठ्ठे नव्हते. तळाला गोणपाट आणि त्यावर दोन जुन्या चादरी अंथरलेल्या.

"बसा," तो म्हणाला.

पोरी ओरडत चढल्या. बाई आणि मी पुढं, त्याच्या शेजारी. त्यानं किल्ली लावली, पण फिरवली नाही. समोर काचेकडे बघत म्हणाला, "बाई, तुमी ते म्हनत हुता... ते म्हना की."

बाई म्हणाल्या, "लिहून दिलंय मी मल्लिनाथ. नाही म्हणायचं."

"मैदानात न्हाय म्हनून दिलंय की लिवून. हे काय मैदान हाय व्हय? माझा टेम्पो हाय."

मागं सगळ्या पोरींनी एकमेकींच्या खांद्यावर हात टाकले. बाईंनी डोळे मिटले. 

"बापा," त्या म्हणाल्या, "कुणाचा पाय मोडू नको. आमच्या पोरींचा नको, समोरच्या पोरींचाही नको. पंचांना नीट दिसू दे. आणि ह्या माणसाची गाडी, ह्याचं घर, सांभाळ."

"आमेन," पोरी म्हणाल्या. समीनाचं "आमीन" वेगळं ऐकू आलं. मी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. मल्लिनाथनं डोळे मिटले नव्हते, हात स्टिअरिंगवरच होते. पण माझं लक्ष खाली गेलं. त्यानं पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या.

किल्ली फिरली. टेम्पो निघाला. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, पण त्या क्षणी मला माझ्या शेजारी बसलेल्या बाईबद्दल काय वाटत होतं ते सांगायला एकही शब्द सुचेना. एवढंच वाटलं की ह्या बाईच्या शेजारी मी बसते, हे माझ्या माहेरी, सासरी, सगळ्यांना सांगत सुटावं.

वैरागला आम्ही जिंकलो. भाग्यश्री पुढं पोलिसात गेली, सर्टिफिकेटाशिवाय, धावून आणि परीक्षा देऊन. मल्लिनाथ पेढे घेऊन शाळेत आला तेव्हा देवासमोर ठेवावा तसा पहिला पेढा त्यानं बाईंच्या हातावर ठेवला. बाईंनी तो लगेच अर्धा करून त्याला भरवला आणि म्हणाल्या, "साखर जरा जास्त झालीय." दोघंही हसले.

बाई निवृत्त झाल्या. त्यांचे यजमान लोंढे साहेब त्याआधीच वारले होते, मूलबाळ नव्हतं. आता त्या घरी बसतील, चर्चच्या कामात राहतील असं आम्हाला वाटलं होतं. पण त्यांनी घर भाड्यानं दिलं आणि सांगोल्याकडच्या एका खेड्यात निघून गेल्या. तिथल्या चर्चच्या पाळकसाहेबांनी सांगितलं होतं की मेंढपाळांच्या मुली शाळा अर्ध्यात सोडतात, त्यांना थांबवायला कुणीतरी हवंय.

"ह्या वयात कशाला? आता आराम करा की," मी म्हटलं.

"आराम करायला बसले की गुडघे दुखतात. पळायला लागले की दुखायचे थांबतात. मी काय करू?"

मागच्या उन्हाळ्यात मी त्यांना भेटायला गेले. फाट्यावर उतरून चालत निघाले. दोन्ही बाजूंना डाळिंबाच्या बागा, मधे उजाड माळ. माळावर चुन्यानं रेघा मारलेल्या आणि दोन खांब रोवलेले. लहान लहान मुली खेळत होत्या. मी बाभळीखाली थांबले. तेवढ्यात मेंढ्यांचा एक कळप सरळ मैदानातून निघाला, तर खेळ थांबला, कळप शांतपणे पार झाला, आणि खेळ पुन्हा जिथल्या तिथं सुरू झाला. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

गावात पाण्याचा टँकर आला होता. एक मुलगी घागर घेऊन तिकडं गेली होती, म्हणून खो-खोच्या रांगेत एक घर मोकळं पडत होतं. त्या मोकळ्या घरात, दोन चिमुरड्यांच्या मधे, एक पाय पुढं आणि हात जमिनीला टेकवून, पांढऱ्या केसांच्या लोंढे बाई बसल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं. हात नाही केला. भुवया तेवढ्या उंचावल्या, थांब जरा म्हणून, आणि डोळे परत पळणाऱ्या मुलीवर.

मागून एक मुलगी धापा टाकत आली. त्या रुंद पाठीवर तिनं आपला छोटा पंजा जोरात मारला आणि सगळ्या माळाला ऐकू जाईल असं ओरडली, "खो!"

बाई उठल्या. एका हातानं पदर आवळला, दुसऱ्यानं जमीन सोडली, आणि धावत सुटल्या.